'ब्लीक हाउस'ची मालिका पुस्तकाशी प्रामाणिक आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.ला डिकन्सची 'ब्लीक हाउस' लावली आहे. पुस्तकाची जाडी पाहून आधी बीबीसीची २००५ सालची मालिका पाहिली, आवडली. मग पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर धुकं, आणि मालिकेत त्याचा पत्ता नव्हता. उलट मालिकेतला वकिलाचा कारकून क्लॅम पुस्तकात काही केल्या सापडेना. वर्गात सरांनी "ती डेली सोपसारखी करून टाकलीय" म्हणत विषय संपवला. मग हे रूपांतर प्रामाणिक म्हणायचं की नाही? आणि आधी काय घ्यायचं, पुस्तक की मालिका?

मी मालिकांच्या पटकथा लिहिते, कादंबऱ्यांवरून रूपांतरंही करते. तेव्हा उत्तर त्याच खुर्चीतून देते. समीक्षकाचं उत्तर वेगळं असू शकेल.

सरांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, निकाल तेवढा पटत नाही. मालिका सोपसारखी झाली ती हातून निसटून नाही, ठरवून. पटकथा अँड्र्यू डेव्हिसची, दिग्दर्शन जस्टिन चॅडविक आणि सुझाना व्हाइट यांचं. एकूण १५ भाग. पहिला तासाभराचा, बाकीचे १४ अर्ध्या अर्ध्या तासाचे. ऑक्टोबर ते डिसेंबर २००५ या काळात बीबीसी वनवर आठवड्याला दोन भाग दाखवले गेले, तेही 'ईस्टएंडर्स' या तुफान चालणाऱ्या सोपच्या शेजारच्या वेळेत. तोवर बीबीसीवर अभिजात कादंबरी म्हणजे बहुधा रविवारची रात्र, तासाभराचा एपिसोड, घोडागाड्या आणि टोप्या. इथे हेतू असा होता की सोप संपल्यावर जो माणूस रिमोट शोधतोय त्याला उठू द्यायचं नाही. हे ऐकून एखाद्या प्राध्यापकाच्या कपाळाला आठी पडणारच.

आता पुस्तकाकडे बघा. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात महिन्याला एक अंक अशी छापली गेली. प्रत्येक अंकात ३२ पानं मजकूर, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. एकूण १९ हप्ते, शेवटचा जोडअंक. म्हणजे तुमच्या टेबलावर जो ठोकळा पडलाय तो डिकन्सच्या पहिल्या वाचकांनी हातात धरलाच नव्हता. त्यांनी पातळ अंक वाचला, महिनाभर वाट पाहिली, घरात आणि दुकानात 'पुढे काय होणार' यावर वाद घातले. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही 'करमणूक'मधून आठवड्याला थोड्या थोड्या अशाच येत होत्या. दिवाळी अंकांच्या आधी आपल्या वाचकाला 'क्रमशः' हा शब्द चांगलाच पाठ होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की डेव्हिसने सगळ्यात आधी पाळलं ते पुस्तकाचं हप्त्याहप्त्याचं असणं. घटना, पात्रं, संवाद यांचा हिशोब त्यानंतर. कुणी 'मुळाशी प्रामाणिक' म्हणालं की आपण लगेच काय काय गाळलं ते मोजायला बसतो. मी आधी पाहते ते हे, की लेखकाने वाचकाला कुठे थांबवलं आणि रूपांतर करणाऱ्याने प्रेक्षकाला कुठे थांबवलं.

एक जागा जवळून पाहू. प्रकरण १०. वकील टल्किंगहॉर्नला एका कागदावरच्या हस्ताक्षराचा मालक हवा आहे. तो निमो नावाने राहणाऱ्या नकलनविसाच्या खोलीपर्यंत पोचतो. ही खोली क्रूकच्या भंगाराच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर आहे. दार ठोठावतो, उत्तर नाही. दार उघडतो, तेवढ्यात त्याच्या हातातली मेणबत्ती विझते. आत अफूचा वास, पलंगावर एक माणूस पडलेला, आणि जळून जळून कलंडलेली एक मेणबत्ती. टल्किंगहॉर्न हाक मारतो, हातातलं लोखंडी मेणबत्तीदान दारावर आपटतो. माणूस हलत नाही. आणि ती उरलेली मेणबत्तीही विझते. काळोख. खिडकीच्या झडपांना दोन भोकं आहेत, ती डोळ्यांसारखी पलंगाकडे बघतायत. प्रकरण संपलं.

प्रकरण संपलं आणि अंकही संपला! मे १८५२चा तिसरा अंक नेमका इथे तुटतो. वाचकाने महिनाभर त्या काळोखात उभं राहायचं. जूनच्या अंकाची पहिली ओळ काय, तर अंधारात टल्किंगहॉर्नच्या हाताला कुणाचा तरी स्पर्श होतो आणि तो दचकतो. क्रूक असतो, मागून जिना चढून आलेला. म्हणजे एपिसोडच्या शेवटी टांगून ठेवायचं, पुढच्याची सुरुवात खोट्या धक्क्याने करायची, आणि त्यातून वाचक सावरतोय तोवर खरी बातमी द्यायची की पलंगावरचा माणूस मेलेला आहे. चॅनेलच्या मीटिंगमध्ये आम्ही आजही हेच करतो आणि आपण फार आधुनिक काहीतरी करतोय अशा थाटात करतो. डेली सोपने डिकन्सला बिघडवलं की डिकन्सनेच डेली सोपला चालायला शिकवलं, हे सरांना एकदा विचारून बघा. (नम्रपणे विचारा. इंटर्नलचे गुण त्यांच्याच हातात असतात.)

एक फरक मात्र आहे. बीबीसीवर जाहिराती नाहीत. आमच्याकडे अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये कथेला बावीस-तेवीस मिनिटं मिळतात, त्यात ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाला धरून ठेवणारा एक हुक लागतो. म्हणून आमची पात्रं दर सात-आठ मिनिटांनी दचकतात. डेव्हिसला एका भागात एकच मोठा हुक पुरला, मधला वेळ सीनला श्वास घ्यायला मिळाला. त्याचा वेग सोपचा आहे, आरडाओरडा सोपचा नाही. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने हीच मालिका तुकडे जोडून, लांब भाग करून सहा आठवड्यांत दाखवली. तिथे तेच हुक भागाच्या मध्यात येऊन पडले. चित्रण तेच, संवाद तेच, पण थांबे बदलले की पाहण्याचा अनुभव बदलतो. तुम्ही मालिका एका बैठकीत सलग पाहिली असेल तर तुमच्याही हातून तेच झालंय.

हप्त्यांमुळे आणखी एक गोष्ट होते. महिन्याभरापूर्वी दोन पानांत भेटलेलं पात्र वाचकाला कसं आठवावं? डिकन्स प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी अडकवतो. एस्थर या नायिकेचा पालक जार्नडिस, त्याला मन अस्वस्थ झालं की पूर्वेचा वारा सुटतो. स्किम्पोल पैशाचा विषय निघाला की 'मी तर लहान मूल' म्हणतो. बकेट इन्स्पेक्टरची जाड तर्जनी त्याच्याआधी खोलीत शिरते. एका दमात वाचणाऱ्याला हे पालुपद तिसऱ्यांदा कंटाळवाणं वाटतं. हप्त्याने वाचणाऱ्याला ते ओळखीचं माणूस परत भेटल्यासारखं वाटतं. मालिकेतला स्मॉलवीड आठवा, फिल डेव्हिसने केलेला. खुर्चीतून उचलून आणलेला तो पाजी म्हातारा आणि त्याचं ते नातीला "शेक मी अप, ज्यूडी!" असं खेकसणं. हे पुस्तकातलंच आहे, मालिकेने ते घासून लखलखीत केलं. आमच्याकडे अशा ओळीला प्रेक्षकांनी उचललेली ओळ म्हणतात. ती लिहिताना कळत नाही, तिसऱ्या आठवड्यात कळते.

आता क्लॅम. हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग, कारण रूपांतराचं खरं काम इथे दिसतं.

टल्किंगहॉर्न पुस्तकात कुणाजवळच मन मोकळं करत नाही. निवेदक त्याला जुन्या वळणाचा शिंपला म्हणतो, कुणालाच न उघडता येणारा. पुस्तकात हे चालतं, कारण आपल्याला त्याच्याबद्दल सांगायला निवेदक आहे. पडद्यावर निवेदक नाही. चार्ल्स डान्ससारखा नट गप्प उभा राहिला तरी बघवतो, पण त्याचा बेत काय, त्याने कुणाच्या मागावर माणूस लावला, हे प्रेक्षकाला कळायला तर हवं. मग उपाय उरतात तीन. त्याच्याच आवाजात मनातलं बोलणं ऐकवायचं. तसं केलं की शिंपला उघडला, पात्र मेलं. त्याला पत्रं लिहायला बसवायचं; एकदा ठीक, रोज कसं? तिसरा उपाय म्हणजे त्याला हुकूम सोडायला एक माणूस द्यायचा. डेव्हिसने तोच केला आणि टॉम जॉर्जसनला क्लॅम म्हणून उभं केलं. हुकूम सोडताना माणूस कारण सांगत नाही. त्यामुळे आपल्याला बेत कळतो, हेतू कळत नाही, आणि शिंपला बंदच राहतो. डिकन्सने लिहिलेल्या टल्किंगहॉर्नला वाचवण्यासाठी डिकन्सने न लिहिलेलं पात्र लागलं. मी याला भर घालणं म्हणणारच नाही.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. गाळणं कागदावर सोपं दिसतं, नंतर महागात पडतं. पुस्तकातलं बॅग्नेट कुटुंब घ्या. निवृत्त सैनिक, त्याची खमकी बायको, लष्करी छावण्यांची नावं दिलेली मुलं. कुणीही पटकथाकार पहिल्या वाचनात त्यांच्यावर लाल पेन्सिल मारेल, मुख्य कथेशी संबंध काय म्हणून. पण सार्जंट जॉर्जच्या कर्जाला हा बॅग्नेट जामीन आहे. टल्किंगहॉर्नला कॅप्टन हॉडनच्या, म्हणजे त्या निमोच्याच, हस्ताक्षराचा नमुना हवा असतो, जॉर्ज तो द्यायला ठाम नकार देतो, आणि शेवटी देतो तो मित्राचं घर बुडू नये म्हणून. बॅग्नेट काढलात की जॉर्ज स्वतःची कातडी वाचवणारा ठरतो, नाहीतर तुम्हाला त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी पणाला लावावं लागतं. पात्र कापणं म्हणजे दुसऱ्या पात्राचा स्वभाव बदलणं. तुमच्या सबमिशनमध्ये 'काय गाळलं' ही यादी करणार असाल तर प्रत्येक नावापुढे 'त्यामुळे कोण बदललं' असा रकाना ठेवा. त्या रकान्यात लिहायला काही सापडलं तरच यादीला अर्थ आहे.

धुक्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, आणि इथे मालिकेचं खरं नुकसान आहे. पण ते नुकसान धुक्याचं नाही. धुराची मशीन भाड्याने मिळते. १९८५ साली बीबीसीनेच याच कादंबरीची आठ भागांची मालिका केली होती, पटकथा आर्थर हॉपक्राफ्टची, लेडी डेडलॉकच्या भूमिकेत डायना रिग. तिच्यात धुकं, चिखल आणि काजळी हवी तेवढी आहे. २००५च्या मालिकेत सुरुवातीला धो धो पाऊस आणि एस्थरची घोडागाडी. सोप संपवून आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात एक मुलगी आणि एक प्रवास दिला, त्यात गैर काही नाही.

गेलं ते धुक्याबद्दल बोलणारं कुणीतरी. या कादंबरीला दोन निवेदक आहेत. अर्धी कथा एस्थर स्वतः सांगते, भूतकाळात, स्वतःला कमी लेखत, 'मी काही हुशार नाही' असं बजावत. उरलेली अर्धी एक नाव नसलेला आवाज सांगतो, वर्तमानकाळात. गंमत अशी की हा दुसरा आवाज पटकथेसारखाच लिहितो. पहिलं वाक्य एका शब्दाचं: 'लंडन.' आमच्या सीनच्या मथळ्यासारखं. मग क्रियापदं नसलेली वाक्यं, नदीवर धुकं, कुरणांवर धुकं, जहाजांच्या डोलकाठ्यांत धुकं, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी चान्सरी या इस्टेटीचे दावे चालवणाऱ्या कोर्टात बसलेले न्यायाधीश, लॉर्ड चान्सलर. वाचताना वाटतं, हे तर शूट करायला तयारच आहे. पण कॅमेरा त्यातलं फक्त दिसणारं उचलतो. कोर्टातलं धुकं बाहेरच्या धुक्यापेक्षा दाट आहे, हा टोमणा त्याला उचलता येत नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही आपली म्हण ज्याने ऐकलीय त्याला तो टोमणा समजावून सांगायची गरज नाही. पण पडद्यावर तो मारायला कुणीच उरत नाही.

सगळ्यात जास्त हे जाणवतं ते जोच्या मृत्यूत. रस्ता झाडणारा, आडनाव नसलेला पोरगा. डॉक्टर वुडकोर्ट त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतोय, पोरगा एकेक शब्द मागून म्हणतोय, आणि मध्येच शब्द थांबतात. इथपर्यंत कुठलाही बरा दिग्दर्शक तुम्हाला रडवेल. पुस्तकात मात्र पुढच्याच ओळीत तो बिननावाचा आवाज वाचकाकडून मान वळवतो आणि थेट राणीला बातमी देतो: मेला, राणीसाहेब. मग सरदारांना आणि सभ्य गृहस्थांना, मग धर्मगुरूंना, मग मनात दया घेऊन जन्मलेल्या सगळ्या बायकापुरुषांना. आणि असे रोज मरतायत, आपल्या अवतीभवती. दुःखाचा सीन एका क्षणात आरोपपत्र होतो. मालिकेत तो दुःखाचाच राहतो. हे डेव्हिसचं अपयश आहे असं मी म्हणणार नाही. व्हॉइस ओव्हरने तो उतारा वाचून दाखवला असता तर मालिकेत कुठून तरी परकं माणूस घुसल्यासारखं झालं असतं. काही गोष्टींना पडद्यावर जागाच नसते, आणि ते मान्य करून पुढे जावं लागतं.

कॅमेऱ्याच्या धक्क्यांबद्दल, सीन बदलताना येणाऱ्या त्या 'सूऽऽप' आवाजाबद्दल फार लिहीत नाही. मलाही तो आवाज सातव्या भागापर्यंत नकोसा झाला होता. एकाच इमारतीचे तीन शॉट झटक्यासरशी जवळ जवळ नेत जोडायची युक्ती पहिल्यांदा तरतरीत वाटते, पुढे सवयीची होते. हातातला कॅमेरा मात्र मला पटला. पात्रं पोशाखात अवघडून उभी राहत नाहीत, कुणीतरी चोरून बघावं तशी दिसतात, आणि ही कथा तर आहेच एकमेकांवर पाळत ठेवणाऱ्यांची.

लांबीचा खरा फायदा कुठे झाला ते सांगते: रिचर्ड कार्स्टोन. चान्सरीत वर्षानुवर्षं रखडलेला जार्नडिस घराण्याच्या इस्टेटीचा दावा आज निकाली लागेल, उद्या लागेल या आशेवर हा हसरा पोरगा डॉक्टरकी सोडतो, वकिली सोडतो, लष्कर सोडतो. शेवटी दावा संपतो तो सगळी इस्टेट कोर्टखर्चात गेल्यामुळे. दोन तासांच्या सिनेमात असा माणूस मूर्ख वाटतो, कारण त्याची घसरण तुम्ही चार सीनमध्ये बघता. आठ तासांत, आठवड्याला दोनदा थोडा थोडा भेटला की तो मूर्ख वाटत नाही, ओळखीचा वाटतो. पॅट्रिक केनेडीने ही घसरण इतकी हळू केलीय की नेमकी कुठल्या भागात सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. डेव्हिसने २००८ साली 'लिटल डॉरिट'साठी पुन्हा छोट्या भागांचाच आराखडा वापरला. मला वाटतं, अशी पात्रं त्यात कशी फुलतात हे त्याच्या ध्यानात राहिलं असणार.

आणि एक सीन, जो दोन्हींत सुरुवातीलाच आहे. टल्किंगहॉर्न कोर्टाचे कागद वाचून दाखवतोय. सर लेस्टर डेडलॉकला ती रटाळ कायदेशीर भाषा ऐकायला मनापासून आवडते. त्याची बायको लेडी डेडलॉक शेकोटीशेजारी कंटाळून बसलीय. तिची नजर टेबलावरच्या कागदावर जाते आणि ती एकदम विचारते, हे कुणी उतरवलंय? थोड्या वेळाने तिला भोवळ येते. नवरा म्हणतो, हवाच तशी वाईट आहे. टल्किंगहॉर्न काहीच म्हणत नाही. पुढची सगळी कथा या एका प्रश्नातून निघते, आणि तो कागद नेमका कंटाळवाण्या दाव्याचा आहे. डिकन्सने हे पहिल्याच अंकात ठेवलं आणि डेव्हिसनेही पहिल्याच भागात. जिलियन अँडरसन तो प्रश्न विचारताना आवाज जराही चढवत नाही. पुस्तकातलं प्रकरण २ वाचून लगेच हा सीन परत लावा. निवेदकाने अर्ध्या पानात केलेली थट्टा कुठे गेली आणि तिच्या जागी नटांनी काय ठेवलं, याच्यावरच तुमचं एक प्रकरण लिहून होईल.

आता आधी काय, तर मालिका तुम्ही पाहिलीच आहे, ते बरंच झालं. तीसेक पात्रांचे चेहरे आता ओळखीचे आहेत, गोंधळ होणार नाही. पुस्तक मात्र ठोकळा म्हणून वाचू नका. मूळ अंकांप्रमाणे तोडा: प्रकरणं १ ते ४ पहिला अंक, ५ ते ७ दुसरा, ८ ते १० तिसरा, ११ ते १३ चौथा. पुढचे तुकडे बहुतेक अभ्यासू आवृत्त्यांमध्ये दिलेले असतात. अंक संपला की पुस्तक मिटायचं, निदान दोन-तीन दिवस उघडायचं नाही. डिसेंबर १८५२च्या दहाव्या अंकाशी, म्हणजे प्रकरण ३२ला पोचाल तेव्हा क्रूकचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. माणूस आपोआप पेटून राख होतो यावर तेव्हाही भांडण झालं होतं. समीक्षक जॉर्ज हेन्री लुईसने जाहीर आक्षेप घेतला आणि डिकन्सने प्रस्तावनेत हट्टाने बाजू मांडली. शास्त्राच्या बाजूने लुईस बरोबर होता. पण अंकाचा शेवट म्हणून डिकन्सला याहून चांगला मिळाला नसता, आणि २००५ साली डेव्हिसनेही तो सोडला नाही.